मंत्रिमंडळाच्या बैठकीत मतदान होतं का? (पैज लागलीये, लवकर सांगा)

कॉटबेसिस · रात्री ११:४८

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथं नुसता वाचतोय, आज पैजेपायी लिहायची वेळ आली.

नवी पेठेत आमच्या अभ्यासिकेखाली चहाची टपरी आहे, तिथं रोज रात्री आमची संसद भरते. आज रूममेट म्हणाला, कॅबिनेटमध्ये एखाद्या विषयावर एकमत झालं नाही तर मतदान घेतात, ज्याच्या बाजूनं जास्त मंत्री तो निर्णय. मी म्हणलं, असलं काही होत नसतंय. तो म्हणला, मग काय होतं ते सांग. आणि तिथंच माझी दांडी उडाली. घटनेतली मंत्र्यांबद्दलची कलमं मला झोपेतून उठवून विचारा. ७४, ७५, १६३, १६४, घडाघडा म्हणून दाखवतो. पण दार लावून घेतल्यावर आत काय चालतं, आधी कोण बोलतं, निर्णय झाला असं कोण म्हणतं, हे एकाही नोट्समध्ये नाही.

पैज सहा जणांच्या चहा-क्रीमरोलची आहे. महिनाअखेर आहे. आतलं कुणाला ठाऊक असेल तर उपकार होतील.

पेठी_खवचट · रात्री ११:५५

दोन वर्षं कलमं पाठ केलीत आणि खोलीत काय होतं ते माहीत नाही. क्लासवाल्यांकडून फी परत मागा, त्यातून क्रीमरोल येतील.

उगाच_आपलं · रात्री १२:१०

कसलं मतदान घेऊन बसलात. साहेब बोलणार, बाकीचे माना डोलावणार, बाहेर येऊन पत्रकारांना सांगणार की सविस्तर चर्चा झाली. आमच्या सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून तरी हात वर होतात. तिथं तेवढंही नाही.

निवृत्त_अवर · सकाळी ६:३२

कॉटबेसिस, पैज तुम्ही जिंकलात, पण अर्धीच. का ते सांगतो. जरा लांबेल. सकाळचं फिरणं पावसानं बुडालंय, त्यामुळे वेळ आहे.

मी मंत्रालयात ३१ वर्षं होतो. लिपिक-टंकलेखक म्हणून लागलो, अवर सचिव म्हणून बाहेर पडलो, आता कोथरूडला असतो. आधीच कबूल करतो की मंत्रिमंडळाच्या बैठकीत मी एकदाही बसलेलो नाही. आत सचिव जातात. आमच्यासारखे बाहेर नस्त्या (म्हणजे फायली) छातीशी धरून उभे, आतून चिठ्ठी आली की हवा तो कागद काढून द्यायला. पण बैठकीत जे ठरतं ते आधी कुठं शिजतं, ते मी फार जवळून पाहिलंय.

समजा एखाद्या विभागाला नवी योजना आणायची आहे. मंत्र्यांच्या मनात आलं आणि मंगळवारी बैठकीत बोलले, असं होत नाही. आधी मंत्रिमंडळासाठीची टिप्पणी तयार होते. कक्षात मसुदा होतो, मग अवर सचिव, उप सचिव, सचिव अशी ती वर चढते. पैशाचा विषय असला (आणि कुठला नसतो?) की नस्ती वित्त विभागाकडे. कायद्याचा विषय असला की विधी व न्यायकडे. नवी पदं असली की आणखी दारं. या फिरण्याला आमच्याकडे ‘अनौपचारिक संदर्भ’ म्हणतात, पण त्याच्याइतकं औपचारिक मी आयुष्यात दुसरं काही पाहिलेलं नाही. कुठलाही शासन निर्णय उघडा, शेवटाकडे ‘वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भ क्रमांक अमुक अन्वये’ असं दिसेल. ती नस्ती तिथं जाऊन आल्याची खूण आहे.

आता यातली गंमत. इतर विभागांनी दिलेले अभिप्राय टिप्पणीत जसेच्या तसे द्यायचे असतात, त्याखाली आपल्या विभागाचं उत्तर. म्हणजे भांडण सगळं कागदावर. वित्त विभाग म्हणतो परवडणार नाही, आमचा विभाग म्हणतो लोकहितासाठी आवश्यक. बैठकीपूर्वी मंत्र्यांच्या हातात कागद पडतो तेव्हा कोण कुणाच्या विरोधात आहे ते सगळ्यांना कळलेलं असतं. आणि अगदी शेवटी एक परिच्छेद असतो, मंत्रिमंडळाने कशाकशाला मान्यता द्यावी, असा. मुरलेले मंत्री आधी तो वाचतात. काही फक्त तोच वाचतात.

एक किस्सा सांगतो. विभागाचं नाव घेत नाही. आमच्या टिप्पणीत खर्च ‘४.२० कोटी रुपये’ लिहिला होता आणि सोबतच्या विवरणपत्रात ‘४२० लाख’. ज्यांच्याकडे अभिप्रायासाठी गेली होती तिथून नस्ती परत. शेरा: ‘टिप्पणी व विवरणपत्रातील रकमांमध्ये तफावत आढळते. खुलासा करावा.’ मी तीनदा वाचलं. साहेबांना दाखवलं, त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. मग मी एका ओळीत खुलासा लिहिला, ‘दोन्ही रकमा एकच आहेत.’ तेवढ्यात नऊ दिवस गेले आणि विषय त्या आठवड्याच्या विषयपत्रिकेतून हुकला. लोकांना वाटतं मंत्री निर्णय लांबवतात.

बैठकीचं उरलेलं संध्याकाळी लिहितो. दूधवाला आलाय.

पेठी_खवचट · सकाळी ७:०५

त्याला पैसे लाखात द्या.

वकीलीणबाई · सकाळी ९:४०

काका, फार छान. तुमचं उरलेलं येईपर्यंत मी घटनेची बाजू लिहिते. शिवाजीनगर कोर्टात तारीख आहे, पण बोर्डावर आमचा नंबर बराच खाली आहे.

कॉटबेसिस, मंत्रिमंडळात मतदान घ्या किंवा घेऊ नका, असं राज्यघटनेत कुठंही लिहिलेलं नाही. बैठक कशी घ्यायची तेही नाही. कामकाज कसं चालेल त्याचे नियम राज्यपाल करतील एवढं कलम १६६(३) सांगतं, केंद्रासाठी तेच काम ७७(३) करतं. आणि सगळा कारभार राज्यपालांच्या नावानं, हे १६६(१). म्हणून तर शासन निर्णयाच्या तळाशी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ असं असतं. राज्यपालांनी तो कागद पाहिलेलाही नसतो.

मग मतदान का होत नाही? उत्तर १६४(२) मध्ये दडलंय: मंत्रिपरिषद विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असेल. केंद्रात हेच ७५(३), तिथं लोकसभेला. राज्यसभेला नाही, विधान परिषदेलाही नाही. आता विचार करा, बैठकीत मोजून मतं घेतली, १४ विरुद्ध ९. उद्या योजना फसली तर ते नऊ जण सभागृहात उभं राहून म्हणणार, आम्ही तेव्हाच विरोध केला होता. मग जबाबदारी सामूहिक राहिली कुठं? अविश्वास ठराव एकट्या कृषिमंत्र्यावर येत नाही, अख्ख्या सरकारवर येतो. पडायचं तर सगळ्यांनी. त्यामुळे खोलीत कितीही भांडा, दार उघडलं की निर्णय सगळ्यांचा. पटत नसेल तर राजीनामा द्या, देत नसाल तर त्या निर्णयाचं समर्थन करा. शपथ दोन भागांत असते ती यासाठीच: पदाची आणि गोपनीयतेची.

याची मराठी माणसाला ठाऊक असायलाच हवीत अशी दोन उदाहरणं आहेत. चिंतामणराव देशमुख केंद्रात अर्थमंत्री होते. १९५६ साली मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा नेहरूंनी केली तेव्हा देशमुखांनी राजीनामा दिला. मुंबई महाराष्ट्राला मिळावी हे तर होतंच, पण एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळात चर्चा न होता जाहीर झाला, हा त्यांचा आक्षेप होता. आपल्याकडे पहिला भाग भाषणांतून ऐकू येतो, दुसरा कुणी सांगत नाही. मला दुसराच जास्त मोलाचा वाटतो.

त्याआधी १९५१ मध्ये डॉ. आंबेडकरांनी कायदामंत्रिपद सोडलं. हिंदू कोड बिलाचं कारण शाळेत शिकवतात. पण राजीनाम्याच्या निवेदनात त्यांची आणखी एक तक्रार होती. महत्त्वाचे निर्णय समित्या आधीच घेतात आणि मंत्रिमंडळ हे ते निर्णय नोंदवून घेणारं कार्यालय झालंय, अशा आशयाची. घटनेचा मसुदा करणारा माणूस घटना लागू झाल्यावर दोन वर्षांच्या आत हे म्हणतोय.

बोर्ड सरकतोय. येते.

उगाच_आपलं · सकाळी १०:१५

म्हणजे मी म्हणालो तेच. माना डोलावणे. फक्त त्याला घटनात्मक नाव मिळालं, सामूहिक जबाबदारी.

वकीलीणबाई · दुपारी १:२०

माना डोलावणं आणि मान अडकवून घेणं यात फरक आहे हो. डोलावणारा नंतर मोकळा असतो, इथं तो मोकळा नसतो.

ऱ्हाईनकाठी · दुपारी २:०२

मूळची कर्वेनगरची, सध्या मुक्काम जर्मनीत क्योल्नला. कॉटबेसिसच्या रूममेटसाठी आनंदाची बातमी: इकडे मतदान होऊ शकतं!

जर्मनीही संसदीय प्रजासत्ताकच. राष्ट्राध्यक्ष आहेत, पण कारभार चॅन्सेलर (म्हणजे इकडचे पंतप्रधान) आणि मंत्र्यांचा. इथल्या संघ सरकारच्या कामकाज-नियमांत स्पष्ट लिहिलंय की अध्यक्षस्थानी असलेला धरून निम्मे मंत्री हजर असले की गणपूर्ती झाली, निर्णय बहुमतानं, समसमान मतं पडली तर अध्यक्षस्थानी असलेल्याचं मत निर्णायक. शिवाय अर्थमंत्र्याला खास अस्त्र. पैशाशी संबंधित निर्णय त्याच्या मताविरुद्ध झाला तर तो हरकत घेऊ शकतो. मग पुन्हा मत घ्यायचं, आणि या वेळी सगळ्या मंत्र्यांचं बहुमत लागतं, नुसतं हजर असलेल्यांचं नाही, शिवाय त्या बहुमतात चॅन्सेलरचं मत असावं लागतं. निवृत्त काकांचा वित्त विभाग हे वाचून हरखून जाईल.

पण प्रत्यक्षात? बैठक दर बुधवारी. त्याआधी सोमवारी सगळ्या खात्यांचे सचिव बसतात आणि वाद तिथंच मिटवतात. मिटला नाही तर विषय बुधवारी येतच नाही. म्हणजे काका म्हणतात तेच, शिजतं आधी, वाढतात नंतर.

आणि अगदीच जुळलं नाही तर चॅन्सेलरकडे हुकमाचं पान आहे. राज्यघटनेच्या कलम ६५ नुसार धोरणाची दिशा तो ठरवतो. २०२२ मध्ये उरलेले तीन अणुऊर्जा प्रकल्प किती दिवस चालवायचे यावरून सरकारातल्या दोन पक्षांचे मंत्री हटून बसले. तेव्हा १७ ऑक्टोबरला त्या वेळचे चॅन्सेलर शोल्त्स यांनी संबंधित तीन मंत्र्यांना सरळ पत्र पाठवलं: तिन्ही प्रकल्प १५ एप्रिल २०२३ पर्यंत चालतील. मतदान नाही, काही नाही. तेव्हा माझ्या ऑफिसातले लोक त्या पत्राबद्दल असं बोलत होते जणू घरातल्या आजोबांनी जेवणाच्या टेबलावर हात आपटलाय.

पेठी_खवचट · दुपारी २:३०

ताई, आमच्याकडे ते पान एवढ्या वेळा खेळतात की बाकीची पानं पिसायलाच नको.

(क्योल्नला चितळ्यांची बाकरवडी मिळते का? अवांतर आहे, पण चिंता वाटली.)

ऱ्हाईनकाठी · दुपारी २:३४

भारतीय दुकानात मिळते. मोजून खातो.

निवृत्त_अवर · सायंकाळी ६:१५

आलो. वकीलीणबाईंनी माझं निम्मं काम केलं, ऱ्हाईनकाठीताईंनी उरलेल्यातलं निम्मं.

बैठकीत काय होतं, हे मी सचिवांकडून आणि त्या उघड्या-बंद होणाऱ्या दारातून जितकं कळलं तितकं सांगतो. मुख्य सचिव हेच राज्य मंत्रिमंडळाचे सचिव असतात. विषयपत्रिकेप्रमाणे एकेक विषय येतो. ज्यांचा विषय ते सचिव थोडक्यात मांडतात, मंत्री दोन शब्द बोलतात. अभिप्राय सगळ्यांचे अनुकूल असतील तर विषय दोन मिनिटांत संपतो. आमची सहा महिन्यांची धावपळ, त्यांचा चहाचा एक घोट.

वाद असला की मंत्री बोलतात. चांगले मंत्री मोजकं आणि टिप्पणीचा परिच्छेद क्रमांक सांगून बोलतात, ते ऐकायला सचिवांनाही आवडतं. काही जण आपल्या तालुक्याबद्दल बोलतात, विषय कुठलाही असो. मुख्यमंत्री सगळ्यांचं ऐकून घेतात आणि मग एक वाक्य बोलतात. ते वाक्य म्हणजे निर्णय. ‘ठीक आहे, मान्य.’ किंवा ‘यावर वित्तशी पुन्हा बोलून घ्या.’ किंवा ‘उपसमिती नेमू.’

उपसमितीबद्दल गैरसमज नको. तिथं खरं काम झालेलं मी पाहिलंय. पण काही विषय तिथं शीतपेटीत ठेवल्यासारखे जातात. खराब होत नाहीत, शिजतही नाहीत.

म्हणून तुमची पैज अर्धी म्हणालो. हात कुणी वर करत नाही, पण मोजणी होतच नाही असं नाही. मुख्यमंत्री मनात मोजत असतात. आघाडीचं सरकार असलं तर मंत्र्यांची डोकी मोजत नाहीत, पक्ष मोजतात. सहा मंत्र्यांच्या पक्षाचा एक नेता गप्प बसला तर ती सहा मतं नाहीत, ते सरकारचं आयुष्य आहे. असल्या विषयांवर बैठकीत वाद होऊच देत नाहीत. विषयपत्रिकेवर विषय न येणं हाच त्याचा निकाल.

एक कागद राहिला, तो म्हणजे इतिवृत्त. त्यात निर्णय येतो. कोण काय म्हणालं, कुणी नाक मुरडलं, ते येत नाही. ‘चर्चेअंती मान्यता देण्यात आली.’ बास. पुढच्या बैठकीत ते इतिवृत्त कायम करायचं आणि मग शासन निर्णय. घाई असली तर इतिवृत्त कायम होण्याची वाट न पाहता काढायची परवानगी घेतात. या एका वाक्यावर मी कितीतरी रात्री घरी उशिरा गेलोय. बायको म्हणायची, तुमचं इतिवृत्त कधी कायम होणार?

मेट्रो_वनाज · सायंकाळी ७:०३

काका, मग पुणेकर म्हणून एक प्रश्न. आमच्या मेट्रोला ‘मंजुरी’ मिळाल्याच्या बातम्या मी कॉलेजात असल्यापासून वाचतोय. आता केस पांढरे झाले. किती मंत्रिमंडळं मंजुरी देतात एका मेट्रोला?

निवृत्त_अवर · सायंकाळी ७:२५

हा हा. महापालिकेच्या मुख्य सभेची मान्यता, राज्य मंत्रिमंडळाची मान्यता, दिल्लीत केंद्राच्या सार्वजनिक गुंतवणूक मंडळाची शिफारस आणि शेवटी केंद्रीय मंत्रिमंडळ. शिवाय मध्ये कधी ‘तत्त्वतः’. प्रत्येक पायरीला पेढे वाटले जातात. पहिल्या टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ७ डिसेंबर २०१६ ला: ३१ किलोमीटरहून थोडं अधिक, ११,४२० कोटी. त्याच महिन्याच्या २४ तारखेला भूमिपूजन. खरी, शेवटची मंजुरी ती. आधीच्या सगळ्या, काय म्हणू, साखरपुडे होते.

वकीलीणबाई · रात्री ८:५०

मेट्रोवरून आठवलं. वनाज ते चांदणी चौक आणि रामवाडी ते वाघोली या विस्ताराला केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजुरी दिली ती २५ जून २०२५ ला, ३,६२६ कोटी. तारीख नीट वाचा. त्याच बैठकीत आणीबाणीला ५० वर्षं झाली म्हणून ठराव झाला आणि मंत्री दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले.

हे कॉटबेसिसच्या कामाचं आहे, कारण ‘मंत्रिमंडळ’ हा शब्द घटनेत कसा आला ते याच्याशी बांधलेलं आहे. १९५० च्या घटनेत कॅबिनेट या अर्थाचा शब्दच नव्हता. सगळीकडे मंत्रिपरिषद. २५ जून १९७५ च्या रात्री इंदिरा गांधींनी आणीबाणीच्या घोषणेवर राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांची सही घेतली आणि मंत्रिमंडळाला बोलावलं दुसऱ्या दिवशी सकाळी ६ वाजता. निर्णय आधी, बैठक नंतर. त्यासाठी कामकाज-नियमांतल्या नियम १२ चा आधार घेतला गेला, ज्यानुसार पंतप्रधान गरजेपुरती नियमांतून सूट घेऊ शकतात. पुढं १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनं कलम ३५२ मध्ये लिहिलं की केंद्रीय मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी आणीबाणी घोषित करू नये. घटनेत हा शब्द या अर्थानं आला तो इथं, आणि तोही एका रात्रीत झालेल्या चुकीवर टाका घालायला.

आणि नियम १२ अजून जिवंत आहे. २३ नोव्हेंबर २०१९ ला पहाटे ५:४७ ला महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट उठली, तीही मंत्रिमंडळाची बैठक न घेता, याच नियमानं. त्या पहाटेच्या शपथविधीबद्दल आपल्याकडे हजार विनोद झाले. नियमाबद्दल कुणी अक्षर बोललं नाही.

सदाशिवकाकू · रात्री ९:१०

माझा एक बाळबोध प्रश्न. मंत्रिपरिषद आणि मंत्रिमंडळ यात फरक काय? नातवाला नागरिकशास्त्रात आलाय आणि मी त्याला ‘एकच रे’ सांगून बसले.

कॉटबेसिस · रात्री ९:१८

काकू, याचं उत्तर मला येतं! मंत्रिपरिषद म्हणजे सगळे: कॅबिनेट मंत्री, स्वतंत्र प्रभार असलेले राज्यमंत्री, साधे राज्यमंत्री. मंत्रिमंडळ म्हणजे त्यातले फक्त कॅबिनेट दर्जाचे. आपले पुण्याचे खासदार मुरलीधर मोहोळ जून २०२४ मध्ये केंद्रात राज्यमंत्री झाले तेव्हा पेठांत ‘पुण्याला केंद्रीय मंत्रिमंडळात स्थान’ असे फ्लेक्स लागले होते. नातवाला सांगा, पेपरात तसं लिहिलं तर मार्क जाईल. मंत्रिपरिषदेत स्थान. राज्यमंत्री कॅबिनेटच्या बैठकीत बसतात ते त्यांच्या खात्याचा विषय असला आणि बोलावलं तर.

संख्येला मर्यादा २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीची: सभागृहाच्या १५ टक्के. आपल्या विधानसभेत २८८, म्हणजे मुख्यमंत्री धरून ४३.

सदाशिवकाकू · रात्री ९:२५

शाबास. आणि आमच्या लहानपणी घरात काकासाहेब गाडगीळांचं नाव निघायचं, ते राज्यमंत्री का?

निवृत्त_अवर · रात्री ९:३१

नाही हो वहिनी, ते नेहरूंच्या १९४७ च्या मंत्रिमंडळात पूर्ण मंत्री होते. पुण्याचं ‘स्थान’ म्हणायचं तर ते.

उगाच_आपलं · रात्री ९:४०

१५ टक्के कमाल मर्यादा ठीक. किमान? २०२२ मध्ये आपल्याकडे चाळीस दिवस दोनच माणसं राज्य चालवत होती. दोघांची सामूहिक जबाबदारी म्हणजे नवरा-बायकोचं संयुक्त खातं.

वकीलीणबाई · रात्री १०:०५

किमान १२, मुख्यमंत्री धरून, कलम १६४(१क). पण किती दिवसांत १२ करायचे हे लिहिलेलंच नाही. त्यामुळे ३० जून २०२२ ला दोघांचा शपथविधी आणि ९ ऑगस्टला आणखी १८ जणांचा. महाराष्ट्र पहिला नव्हे. तेलंगणात डिसेंबर २०१८ मध्ये मुख्यमंत्री आणि एक मंत्री एवढ्यांवर दोन महिन्यांहून अधिक काळ चाललं होतं.

त्याच उन्हाळ्यातली आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी. २९ जून २०२२ ला आधीच्या मंत्रिमंडळानं शेवटच्या बैठकीत औरंगाबाद, उस्मानाबादचं नामांतर मंजूर केलं आणि त्याच रात्री मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. १६ जुलैला नव्या दोघांच्या मंत्रिमंडळानं तो विषय पुन्हा घेतला, ‘छत्रपती’ जोडून पुन्हा मंजूर केला. कारण विचाराल तर प्रत्येक पक्ष वेगळं सांगेल. मला एवढंच दिसतं की दोन्ही सरकारांना त्या इतिवृत्तावर आपली तारीख हवी होती.

व्यवस्थापक · रात्री १०:१२

धागा छान चाललाय. चालू राजकारणाकडे वळवू नका, मागच्या वेळी तीन आयडी गोठवावे लागले होते.

पेठी_खवचट · रात्री १०:१४

गोठवण्याचा निर्णय सामूहिक होता की चॅन्सेलर पद्धतीचा?

व्यवस्थापक · रात्री १०:१५

नियम १२.

मेट्रो_वनाज · रात्री १०:४०

शेवटचा प्रश्न. पालकमंत्रिपदावरून एवढी रस्सीखेच होते. २०२३ च्या ऑक्टोबरात पुण्याचं पद चंद्रकांत पाटलांकडून अजित पवारांकडे गेलं तेव्हा आठवडाभर दुसरी बातमी नव्हती. घटनेत आहे का हे पद?

निवृत्त_अवर · रात्री १०:५२

नाही. उपमुख्यमंत्रीही नाही. १९८९ मध्ये देवीलाल शपथ घेताना ‘उपपंतप्रधान’ म्हणाले तेव्हा राष्ट्रपती वेंकटरमण यांनी त्यांना मध्येच ‘मंत्री’ अशी दुरुस्ती सुचवली होती, तरी ते तसंच म्हणत राहिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, शपथ वैध ठरली, पण कायद्याच्या दृष्टीनं ते इतरांसारखे मंत्रीच. पालकमंत्रिपदाचं वजन वेगळ्याच कारणानं आहे. जिल्हा नियोजन समितीचं अध्यक्षपद. निधी कुठल्या तालुक्यात जाणार त्याची चावी तिथं. मंत्रिमंडळात तालुक्याबद्दल बोलणारे मंत्री म्हणालो ना, त्यांचं खरं सभागृह ते.

कॉटबेसिस · दुसऱ्या दिवशी रात्री ११:३०

मंडळी, सगळ्यांचे आभार. हा धागा मोबाइलवर टपरीवर मोठ्यानं वाचून दाखवला. काका, तुमच्या ४२० लाखांवर मामांनी म्हणजे टपरीवाल्यांनी चहा उतू घालवला.

पण निकाल लागला नाही. रूममेट म्हणतो, मी भारत असं म्हणलोच नव्हतो, संसदीय प्रजासत्ताक म्हणलो होतो, जर्मनीत नियमात मतदान आहे म्हणजे मी जिंकलो. मी म्हणतो, टपरी नवी पेठेत आहे. शेवटी सहा जणांत हात वर करून मतदान घेतलं. तीन-तीन.

मग सगळे मामांकडे बघायला लागले. मामांनी दोघांचंही ऐकून घेतलं, किटली खाली ठेवली आणि म्हणाले, ‘विषय पुढच्या बैठकीत. आधी मागची उधारी भरा.’

निवृत्त_अवर · दुसऱ्या दिवशी रात्री ११:४१

उधारी लाखात आहे की कोटीत? खुलासा करावा.